लागला खांदा

मी बोईसर स्टेशनात पार्सलबाबू होतो आणि रविवारी रेफरी. रेफरी कशामुळे, तर माझ्याकडे शिट्टी होती आणि रेल्वेच्या वेळेला लावलेलं घड्याळ होतं. फुटबॉल मला फारसा कळत होता असं नाही, पण ज्यांना मी खेळवायचो त्यांना माझ्याहून कमी कळत होता, म्हणून निभावून गेलं. ‘चंद्रभानबाबूला डोळे कमी आणि शिट्टी जास्त,’ असं लोक म्हणत, आणि माझ्या कानावर पडेल अशाच बेतानं म्हणत. मी ऐकून घ्यायचो आणि पुढची फ्री किक त्यांच्याच विरुद्ध द्यायचो. असो. सांगायचं आहे ते माझ्याबद्दल नाही, भगवंत मुकादमाबद्दल.

आता बोईसर म्हटलं की लोकांना कारखाने दिसतात. साठच्या दशकात ते काही नव्हतं. स्टेशनाला खेटून गवताच्या वखारी होत्या. डोंगराकडच्या माळांवरचं गवत दिवाळीनंतर कापलं जाई, वखारीत दाबून त्याच्या माणसाएवढ्या गाठी बांधत आणि त्या मालगाडीत भरून मुंबईच्या तबेल्यांना पाठवत. सगळ्या बोईसरला त्या सुक्या गवताचा वास यायचा. बायकोनं वरण केलं तरी त्याला गवताचा वास, इतका. या वखारीतल्या हमालांचा मुकादम म्हणजे भगवंत. मूळचा अकोल्याकडचा, म्हणजे वऱ्हाडातल्या नव्हे, घाटावरच्या अकोल्याचा. तरुणपणी बायकोला, गोजराबाईला, घेऊन इकडे आला तो इकडचाच झाला. बुटका, रुंद माणूस. डोक्याला लाल पंचा. आवाज मात्र असा की मालगाडीच्या इंजिनाचा ड्रायव्हरसुद्धा दचकून खाली वाकून बघायचा.

गवताची गाठ एका माणसाला उचलत नाही. दोघं लागतात. म्हणून हमाल जोडीनं काम करायचे, आणि जोडी ठरली की ठरली. चिंतू आणि सुका ही डोंगरातल्या पाड्यावरची दोन माणसं मी वखारीत पाहिली तेव्हापासून एकाच गाठीच्या दोन टोकांना होती. गाठीपाशी जोडी वाकली की मुकादम ओरडायचा, ‘लाव खांदा!’ जोडी ओरडायची, ‘लागला खांदा!’ आणि मगच गाठ वर जायची. यात एक नियम भगवंतानं जिवापाड जपला होता. हुकमाच्या आधी जबाब द्यायचा नाही. कारण एकदा एका घाईच्या गड्यानं हुकमाआधीच ‘लागला खांदा’ म्हटलं, त्याच्या जोडीदारानं ऐकून आपलं टोक उचललं, हा मात्र अजून वाकलेलाच होता, आणि गाठ त्याच्या पावलावर आली. पाऊल वाचलं, पण माणूस पुढे लंगडतच राहिला. तेव्हापासून कोणी आगाऊ जबाब दिला की भगवंताचं डोकं फिरायचं. ‘कोन रे त्यो? हुकूम दिला कुनी?’ म्हणून तो त्या माणसाला सगळ्यांपासून वेगळं एका गाठीवर बसवायचा आणि बाकीच्यांना चहा पाजायचा. मोठमोठे हमाल शाळेतल्या पोरासारखे मान खाली घालून बसलेले मी पाहिले आहेत.

फुटबॉल आला तो एका गार्डामुळे. मालगाडीचा एक गार्ड निवृत्त होताना आपला चामडी चेंडू वखारीतल्या लोकांना देऊन गेला. हमालांनी तो वखारीमागच्या रिकाम्या जागेत लाथाडायला सुरुवात केली. भगवंत आधी चिडला. मग बघत उभा राहिला. आणि मग त्याला राहवेना. ‘अरे, एकटा एकटा कुटं पळतोस? जोडीदार कुटाय तुजा?’ झालं, त्या दिवशी वखार टीमला मॅनेजर मिळाला.

स्वतः त्यानं आयुष्यात चेंडूला पाय लावला नाही. ऑफसाइड काय असतं हे मी त्याला समजावलं तेव्हा तो म्हणाला, ‘बाबू, हे तुमचं तुमच्यापाशी ठेवा.’ त्याचं शास्त्र एकच. जो वखारीत ज्याच्याबरोबर गाठ उचलतो, तो मैदानात त्याच्याबरोबर पळेल. चिंतूकडे चेंडू आला की सुका बाजूला असलाच पाहिजे. पालघरची शिकली-सवरलेली टीम आली, बूट घालून. त्यांच्यातला प्रत्येक जण चेंडू घेऊन एकटाच गोल करायला निघायचा, आणि आमचे अनवाणी हमाल दोघा-दोघांनी जाऊन तो काढून घ्यायचे. पालघरवाले हरले आणि त्यांनी रेफरीला शिव्या घातल्या. मला बरं वाटलं. शिव्या देणारे बदलले, तेवढाच बदल.

प्रेक्षक गवताच्या गाठींवर बसायचे. भगवंताची गाठ ठरलेली होती, मधल्या रेषेपाशी, आणि तिच्यावर दुसरं कोणी बसत नसे. सामना रंगात आला की तो उठून उभा राहायचा, ‘लाव खांदा!’ म्हणायचा आणि सगळं मैदान गरजायचं, ‘लागला खांदा!’ यात सगळ्यात वरचा आवाज नवसीचा. नवसी माळावरून गवताचे भारे डोक्यावर आणणारी बाई, तिला रविवारी सामना चुकला तर आठवडा गोड लागत नसे. माझा उद्धारही सगळ्यात खुलून तीच करायची.

मग मुकादम विसरायला लागला. आधी नावं गेली. सुकाला चिंतू म्हणायचा, चिंतूला सुका. दोघं हाकेला ओ द्यायचे, काय बिघडतं? मग वखारीत एकच वाघीण दोनदा भरायला माणसं पाठवली. मालगाडीच्या डब्याला आम्ही रेल्वेवाले वाघीण म्हणतो. भरलेली वाघीण पुन्हा कशी भरायची म्हणून माणसं डोकं खाजवत परत आली. शेवटी वखारीच्या मालकानं त्याला मानानं घरी बसवलं, आणि टीमची मॅनेजरकी चिंतूकडे आली. पण रविवारी मुकादम आपल्या गाठीवर हजर. हाफटाइमला चिंतू त्याच्यापुढे जाऊन उभा राहायचा. ‘मुकादम, आता काय करू?’ मुकादम भुवया चढवून मैदानाकडे बघायचा आणि म्हणायचा, ‘जोडी तोडू नका.’ दर सामन्यात तेच. आणि मी तुम्हाला रेफरी म्हणून सांगतो, दर सामन्यात ते बरोबरच असायचं.

पुढे पुढे तो घराचा रस्ता चुकू लागला. एकदा सापडला तो उमरोळीच्या वाटेवर, एकदा मनोरकडे जाणाऱ्या बैलगाडीत, गाडीवानाला गवत नीट रचलं नाही म्हणून झापत बसलेला. गोजराबाईनं त्याला पालघरच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, ‘औषध नाही. जपा.’

आता ‘जपा’ म्हणजे काय, यावर बोईसरात दोन पक्ष पडले. गोजराबाईच्या मते जपणं म्हणजे दाराला कडी. ती रात्री पदराचं टोक त्याच्या मनगटाला बांधून झोपायची, म्हणजे तो उठला तर तिला कळावं. बाई वाळून काटकी झाली होती. कोणी तिला नावं ठेवू नयेत. पण वखार टीमच्या लोकांनी जपण्याचा वेगळाच अर्थ काढला. झालं होतं असं, की रस्ता कळेनासा झाला की मुकादम जिथे असेल तिथे थांबायचा, आणि घाबरलो असं काही न दाखवता पूर्ण आवाजात ओरडायचा, ‘लाव खांदा!’ भर बाजारात. फलाटावर. तेव्हा नवसीनं एका रविवारी गाठीवर उभं राहून जाहीर केलं, ‘ज्याच्या कानावर पडंल त्यानं जबाब द्यायचा. हातातलं काम टाकायचा आनि जायचा. आन घरी पोचवायचा. जोडीनं!’

आणि लोक जायला लागले हो! न्हावी गिऱ्हाइकाच्या एका गालाला साबण तसाच ठेवून ‘लागला खांदा!’ म्हणत दुकानाबाहेर यायचा. मागोमाग त्या गालाचा साबण पुसत गिऱ्हाईक, कारण जोडी पाहिजे. स्टेशनातला पोर्टर, भाजीवाली, शाळेचा शिपाई, सगळे. मी स्वतः पार्सलच्या खिडकीवर रांग टाकून गेलो आहे. तेव्हा तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं. मराठवाड्यातून, खानदेशातून माणसं कामाला आली होती, बोईसरात खोल्या घेऊन राहत होती. त्यांना आधी वाटलं, हे गावच वेडं आहे. मग तेही जबाब द्यायला शिकले. मुकादम दोघांच्या मधे ऐटीत चालत घरी यायचा, पाहणीवरून आल्यासारखा.

गोजराबाईला मात्र हे सहन व्हायचं नाही. ‘सारं गाव हसतंय त्यांना,’ ती मला एकदा म्हणाली. ‘जलमभर ज्या मानसानं हुकूम दिला, त्याचा पार खेळ करून टाकलाय.’ मी म्हटलं, ‘बाई, हसत नाहीत.’ तिला पटलं नाही. तिनं भावाला सांगावा धाडला.

भाऊ खंडेराव अकोल्याहून आला तो ठरवूनच आला. सरळ, कामाचा माणूस. त्याचं घर मोठं होतं, मागे बंद अंगण होतं, फाटकाला कुलूप होतं. ‘दाजी अंगनात फिरतील, अक्काला जरा झोप लागंल,’ तो म्हणाला. चुकीचं काय बोलला? पण चिंतू, सुका, नवसी सगळे गोजराबाईच्या ओसरीवर जाऊन बसले. चिंतू म्हणाला, ‘काकू, मुकादमाला कुलपात नको. आमी हाव ना.’

शेवटी ठरलं ते असं. शिमग्याआधीच्या रविवारी ढालीचा सामना होता, वखार टीम विरुद्ध तारापूर प्रकल्पावरच्या मजुरांची टीम. तोवर मुकादम एकदाही हरवला नाही, तर खंडेराव एकटा परत जाईल. हरवला, तर त्याच संध्याकाळच्या गाडीनं तिघं अकोल्याकडे निघतील. गोजराबाईनं ट्रंक भरून सुतळीनं बांधून दाराशी ठेवली. लोकांना दिसावी म्हणूनच ठेवली असणार. येता-जाता सगळे त्या ट्रंकेकडे बघायचे.

सगळे दिवस नीट गेले. रविवार उजाडला. मुकादमाच्या दोन्ही बाजूंना चिंतूनं राखणीची जोडी बसवली. एका बाजूला नवसी, दुसऱ्या बाजूला सुका, ज्याचा पाय त्या आठवड्यात मुरगळला होता. सुका खेळत नाही म्हणजे चिंतूही अर्धाच. तरी सामना चुरशीचा झाला. प्रकल्पाच्या टीमचा कॅप्टन झुंबर, जालन्याकडचा उंच गडी, त्यानं आमच्या गोलकीपरला पार दमवलं होतं. एक गोल त्यांचा, एक आपला. आपला म्हणजे वखारीचा. रेफरीला ‘आपला’ म्हणायची परवानगी नसते, पण आता मी निवृत्त आहे.

हाफटाइमनंतर बराच वेळ गेला आणि चिंतूनं, काय अवदसा आठवली कोण जाणे, गोलसमोर झुंबरला पाडलं. मी शिट्टी वाजवली. पेनल्टी. माझ्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू झाला. त्यात नवसी पुढे होती, आणि तिच्या मागे लंगडत सुका. दोघंही गाठ सोडून मैदानाच्या रेषेवर आले होते आणि मला माझे दोष समजावत होते.

त्याच वेळी पलीकडे सायडिंगला, म्हणजे माल भरायच्या रुळावर, मालगाडी गवत भरत होती. इंजिन वेळेआधी येऊन उभं होतं म्हणून थोडे हमाल सामना सोडून तिकडे गेले होते. मुकादमाला गाठी दिसल्या, वाघीण दिसली, आणि तो उठून चालायला लागला. हमालांनी त्याला येताना पाहिलं. आता दुसरीकडचे हमाल असते तर त्यांनी म्हाताऱ्याला हाताला धरून परत आणून सोडलं असतं. हे वखारीचे होते. मुकादम आला, मुकादमानं हुकूम दिला, की यांची कंबर आपोआप वाकते. ‘लाव खांदा!’ तो गरजला. ‘लागला खांदा!’ ते म्हणाले. आणि सगळ्यात कहर म्हणजे सायडिंगवरून आलेला तो हुकूम मैदानावर ऐकू गेला, आणि तिकडे न बघता सगळ्या मैदानानंही एकजात आनंदानं जबाब दिला, ‘लागला खांदा!’ माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या कानांदेखत. मला वाटलं, मुकादम आज रंगात आहे.

गाठी भरून झाल्या. थर नीट बसले का हे बघायला मुकादम आत चढला. तो कायमच चढायचा आणि पलीकडच्या दारानं उतरायचा. हमालांना पेनल्टी बघायची घाई. तो उतरलाच असेल असं धरून त्यांनी ठरल्याप्रमाणे दोन्ही दारं लावली, गार्डकडून सील करून घेतली आणि धावत आले. इंजिनानं शिट्टी दिली, गाडी हलली.

झुंबर चेंडू ठेवून मागे सरला होता. नवसीनं, मला शेवटचं काही सुनावून, गाठीकडे बघितलं. गाठीवर लाल पंचा होता, मुकादम नव्हता.

‘मुकादम कुठं?’ ती ओरडली. सायडिंगवरून आलेल्या हमालांची तोंडं बघण्यासारखी झाली. एक जण मालगाडीच्या शेपटीकडे बोट दाखवून नुसताच उभा राहिला.

मी खिशातलं घड्याळ बघितलं, शिट्टी तोंडात घातली आणि सामना थांबवला. वखार टीमला पेनल्टीपासून वाचवण्यासाठी थांबवला, असं म्हणणारे लोक आजही आहेत. झुंबरला विचारा म्हणावं. त्यानं चेंडू काखेत मारला आणि म्हणाला, ‘पेनल्टी काय पळून जात न्हाई, बाबू. आमचा ट्रक हाय.’ (ती पेनल्टी त्यानं पुढच्या रविवारी मारली आणि आकाशात मारली. मुद्दाम मारली का, हे मी रेफरी असून विचारलं नाही.)

स्टेशनमास्तरांनी पालघरला फोन लावला. तिकडून निरोप आला, की मालगाडीला बाजूच्या लूप लाइनवर घेतोय, मागून मेल येतेय. ती पुढे निघून गेली की मालगाडी सुटेल, फार वेळ ठेवता यायची नाही. प्रकल्पाच्या ट्रकमध्ये दोन्ही टीम, नवसी, सुका, न्हावी आणि मी असे कोंबून बसलो. वाटेत मुकादमाच्या घरापाशी थांबलो, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी गोजराबाई आणि खंडेराव बसले. खंडेरावानं निघताना दाराशी बांधून ठेवलेली ट्रंकही बरोबर घेतली. पालघरहूनच पुढे निघायचं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं. धुळीचा रस्ता, ट्रक उसळतोय आणि सुका रडतोय. ‘माजी जोडी हुती नवसीसंगं. मी उठलू कशाला?’ नवसीनं गाठीवरून उचललेला लाल पंचा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

पालघरच्या यार्डात पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. समोर मालगाडी उभी. आणि तिच्यात गवताच्याच वाघिणी, एकीसारखी दुसरी, घोलवडहून, डहाणूहून, वाणगावहून जोडत आणलेल्या. आमच्या हमालांना आपली कुठली ते ओळखता येईना. पालघरला शंटिंग करताना वाघिणी मागे-पुढे झाल्या होत्या. गार्ड म्हणाला, ‘सीलबंद वाघिणी मी एकेक उघडू शकत नाही. कुठली ते सांगा, ती उघडतो. मेल येईलच.’

मग आमच्या लोकांनी सुरू केलं. गाडीच्या दोन्ही अंगांनी धावत, पत्र्यावर हात मारत, सगळ्यांनी एकच आरोळी लावली, ‘लाव खांदा! लाव खांदा!’ झुंबरची माणसंही तेच ओरडत होती. सगळ्या पालघरला ऐकू गेलं असेल. वाघिणीतून मात्र काही नाही. पुन्हा ओरडले. काही नाही. गवतात कोंडून माणूस गुदमरतो का, असं कोणीतरी विचारलं आणि न्हाव्यानं त्याच्या तोंडावर हात ठेवला. दूरवर मेलची शिट्टी ऐकू आली.

तेवढ्यात गोजराबाई ट्रकमधून उतरली. पदर कमरेला खोचत ती रुळांकडे आली आणि म्हणाली, ‘गप व्हा सगळे! हुकूम कसला देताय त्यांना? त्यांनी कवा कुनाचा हुकूम ऐकलाय?’

सगळे थांबले. ती वाघिणींच्या समोर उभी राहिली. या बाईनं इतक्या वर्षांत मैदानावर पाऊल ठेवलं नव्हतं, कधी आवाज चढवून बोलली नव्हती. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली,

‘लागला खांदा!’

आणि मग मधल्या एका वाघिणीतून, गवताच्या आतून, संतापानं थरथरणारा आवाज आला.

‘कोन रे त्यो? हुकूम दिला कुनी?’

सुका तर रुळातच बसला. गार्डनं सील तोडलं, चिंतूनं दार सरकवलं. आत वरच्या थरावर मुकादम बसला होता, केसांत गवत, मिशीत गवत, आणि बोट रोखून विचारत होता, ‘आगाऊ जबाब कोन बोलला? म्होरं या!’

गोजराबाई पुढे झाली. ‘म्या बोलले,’ ती म्हणाली, आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मुकादमानं तिच्याकडे निरखून बघितलं. ओळखलं की नाही, सांगता येत नाही. ‘बायामानसानं कशाला गाठी उचलाव्या?’ तो जरा नरम होऊन म्हणाला. ‘बस तिकडं. च्या घे.’ शिक्षा आणि चहा दोन्ही एकाच माणसाला, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं.

आम्ही त्याला उतरवून फलाटावर आणलं. मेल धडाडत निघून गेली, मागून मालगाडी गेली. खंडेरावानं ट्रंक बाकाशेजारी ठेवली. तो बहिणीजवळ गेला आणि हळूच म्हणाला, ‘अक्का, आता तरी चल. आज वाचले. दर खेपंला वाचतील का?’

सगळे ऐकत होते. चिंतूनं मान खाली घातली. बोली बोली असते, आणि मुकादम हरवला होता. तोही गावातल्या साध्या गल्लीत नाही, मालगाडीत.

गोजराबाई नवऱ्याच्या केसांतल्या काड्या काढत होती. ती म्हणाली, ‘खंडू, तुजं अंगन चांगलं हाय. कुलूपबी चांगलं हाय. पर तिथं ह्यांनी हाक मारली, तर जबाब कोन दील?’

खंडेरावानं ट्रंकेकडे बघितलं.

‘मला वाटायचं, गाव हसतंय,’ ती म्हणाली. ‘आज त्या गाडीम्होरं उभी ऱ्हायले तवा कळलं. मानूस हाक मारतो आन पलीकडून काईच येत न्हाई, ते कसं वाटतं ते. ह्यांना तसं वाटू द्यायचं न्हाई मला. मी झोपंन न झोपंन.’

‘झोपाल, काकू,’ चिंतू म्हणाला. ‘रातची जोडी आमी लावू. ओसरीवर.’

‘आन हुकमाबिगर कुनी उठनार नाय,’ सुका नाक पुसत म्हणाला.

बोईसरकडे जाणारी पॅसेंजर यायला वेळ होता. मुकादम बाकावर बसून चहा पीत होता. फलाटावर इकडेतिकडे बघत होता, माणसं अनोळखी, स्टेशन अनोळखी. त्याच्या चेहऱ्यावर ती जुनी घालमेल यायला लागली. कप खाली ठेवून तो उभा राहिला. मग सगळ्या पालघर स्टेशनाला जाग येईल अशा आवाजात ओरडला, ‘लाव खांदा!’

‘लागला खांदा!’ आम्ही सगळे एका दमात गरजलो. वखारीचे, प्रकल्पाचे, न्हावी, मी. चहावाल्यानं किटली हातात धरून जबाब दिला, त्याला काय चाललंय हे माहीतही नव्हतं. गोजराबाईनं दिला. मुकादमाच्या चेहऱ्यावरची घालमेल गेली, खांदे सैल झाले.

आणि सगळ्यांचं ओरडून झाल्यावर, एकटाच, जरा उशिरा, घसा खाकरून खंडेराव म्हणाला, ‘लागला खांदा.’

मुकादमानं आपल्या मेव्हण्याकडे वळून बघितलं. ओळख काही पटली नाही. वरपासून खालपर्यंत त्याला न्याहाळलं आणि चिंतूकडे झुकून म्हणाला, ‘नवा दिसतोय. ऱ्हाऊ दे. शिकंल.’

पॅसेंजर फलाटाला लागली. खंडेराव वाकला, ट्रंकेचा एक कान धरला आणि जोडीदार शोधत आमच्याकडे बघू लागला. सुका लंगडत पुढे झाला आणि त्यानं दुसरा कान धरला. गाडी बोईसरची होती.